फुग्याची चरबी कुणाची

९ जानेवारी, शुक्रवार

सू,

सलाम. याचं उत्तर तुला द्यावंच लागतं, माझा नंबर ब्लॉक केला असलास तरी. तेवढं पुटपुट आणि मग पुढे वाच.

कागदावर लिहायची वेळ तूच आणलीस. सहावीपर्यंत शिकले, त्यालाही पन्नास वर्षं होऊन गेली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. होडीवाला माइल हे पत्र आणि लेकोरची पिशवी तुला देईल. मासळीच्या वळकट्या आज सकाळीच उकडल्यात, तळून खा. राग माझ्यावर आहे, मासळीवर काढू नकोस.

आज दुपारी नमाज झाल्यावर तू मशिदीच्या माइकवर काय बोललास ते मला तीन जणींनी येऊन सांगितलं. मध्ये नदी आहे म्हणून या काठाला कळणार नाही असं वाटलं का? "आपल्याच घरातल्या काही बायका पोटात कुठल्या जनावराची चरबी टोचून घेतात आणि तेच पोट घेऊन मक्केला निघाल्यात." काही बायका म्हणे. दोन्ही काठ धुंडाळलेस तरी हजला निघालेली एकशे अठरा किलोची बाई एकच सापडेल. सरळ नाव घ्यायचंस. बांग देताना तर गळा चांगला मोकळा असतो तुझा.

आणि एकशे अठरा होते. आता एकशे आठ.

तुला अर्धवट कळलंय म्हणून एकदाच सांगते, दोनदा सांगणार नाही. शहरातल्या हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी चालू आहे, माझ्यासारख्या जाड बायकांवर. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी पोटात सुई. औषध म्हणजे काय, तर आपल्या चरबीला धाडलेला निरोप: साठवत बसू नकोस, जाळायला लाग. पण निरोप नुसता सोडला तर अंगात गेल्या गेल्या त्याच्या चिंध्या होतात. म्हणून तो चरबीच्या इवल्या फुग्यात घालतात. केवढा फुगा, मी विचारलं. डॉक्टर इझ्झाती मावशीला सांगावं तसं म्हणाली, "माक चिक, तुमच्या एका केसाच्या जाडीत सातआठशे ओळीनं बसतील." मी म्हटलं, म्हणजे आमच्या साटारसारखं. मासळीचं सारण केळीच्या पानात बांधतो म्हणून निखाऱ्यावर टिकतं, नाहीतर सगळं राखेत. पोरगी हसली. म्हणाली, "हे मी माझ्या सरांना सांगते, हेच समजवायला ते अर्धा तास घेतात." निम्म्या बायकांना औषध आणि निम्म्यांना नुसतं खारं पाणी देतात, आणि कुणाला काय ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मला काय मिळतंय ते मलाही माहीत नाही. मी विचारत बसत नाही.

आता तुझ्या माइकचं. फुग्याची चरबी कुणाची, हे तुला जानेवारीत सुचलं. मी ऑक्टोबरात विचारलं होतं. दुसऱ्या सुईच्या दिवशी, चोवीस बायका खुर्च्यांवर बसलेल्या, बाह्या आणि ओढण्या सावरत. मी उभी राहिले.

"बाळ, त्या फुग्याची चरबी कुणाची?"

"कारखान्यात बनवतात, माक चिक."

"कारखान्यात काय आकाशातून पडते?"

"त्यात एक कोलेस्टेरॉल असतं. ते बहुधा जनावराचं... मला बघून सांगावं लागेल."

जनावराचं म्हटल्यावर खोलीत जे झालं ते सांगायला नको. कोण जनावर ते बोलायची कुणाची छाती नव्हती, पण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच जनावर, चपटं नाक वर करून उभं. नऊ जणी उठून गेल्या. मी उठले नाही. सुईही घेतली नाही. म्हटलं, उत्तर आण, मग टोच.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. लेखी. चार घटक. तीन झाडाच्या तेलापासून आणि कारखान्यात केलेले, चौथं ते कोलेस्टेरॉल, मेंढीच्या लोकरीच्या मेणातून काढलेलं. शहरात धर्म शिकवणाऱ्या एका उस्तादांनी वाचून खाली सही केली होती. मी सुई घेतली. इझ्झातीनं माझ्या हातात नऊ कागद दिले. म्हणाली, "प्रश्न तुम्ही विचारलात, तर उत्तरही तुम्हीच पोचवा. महिनाभर त्यांच्या जागा धरून ठेवते." मी घरोघर फिरले, या गुडघ्यांनी. पाच जणी परत आल्या.

आईनं तुझं, सून सेलामाचं आणि माझं नाव एकाच दिवशी हजच्या यादीत घातलं. इतकी वर्षं वाट पाहून डिसेंबरात तिघांची पाळी एकदम आली. आणि तू म्हणतोस, काक लोंग ज्या गटात असेल त्या गटात मी जाणार नाही. नको जाऊस. माझ्या वयाच्या बाईला बायकांच्या गटातून जाता येतं, मी विचारून आलेय. काबाभोवती सात फेऱ्या माझ्या पायांनी घालायच्यात, चाकाच्या खुर्चीत बसून नाही. त्यासाठी पोटाला सुई लागली तर लागली.

तुझी थोरली बहीण

२१ जानेवारी, बुधवार

सू,

सलाम.

मशिदीच्या पत्रकाच्या पाठीवर चार ओळी. कागदाची एवढी टंचाई असेल तर माइलबरोबर वही पाठवते.

पहिली ओळ: मेंढी कुणी कापली, कशी कापली, अल्लाचं नाव घेतलं होतं का. सू, लोकर आहे ती. मी तरीही इझ्झातीला फोन लावला, कारण तू हेच धरून बसणार. म्हटलं, "बाळ, माझा भाऊ विचारतो, मेंढी मेली का?" ती म्हणाली, "माक चिक, तुमचे केस कापल्यावर तुम्ही मेलात का?" तेव्हा मेंढी जिवंत आहे. चरतेय. तुझ्यापेक्षा जास्त चालत असेल.

दुसरी ओळ: पान कुणी खात नाही हे खरं, पण घाण पानात बांधलेला साटार तू खाशील का. नाही खाणार. म्हणून तर उठून विचारलं. तुला वाटतं धर्म तुझ्याच घरात राहतो आणि माझ्याकडे फक्त मासळी. मी पोटात काय जाऊ देते ते माझं मी बघते. आणि पोटाचं म्हणशील तर, अब्बा कसे गेले ते आठव. खुर्चीत. श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती त्यांना. तूही त्यांच्यासारखाच बसतोस हल्ली, हात मांड्यांवर टेकून, तोंड उघडं ठेवून. मागच्या ईदला मी पाहिलं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

तिसरी ओळ: अल्लानं जसं अंग दिलं तसं घ्यावं. मग दात दुखला तेव्हा अल्लानं दिलेली किडलेली दाढ का उपटलीस? आणि चष्मा काढ.

सुईचा त्रास होतो का, हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. पहिल्या दोन वेळा रात्रभर थंडी वाजून ताप आला. पोटावर सुई जाते तिथे लिंबाएवढी गाठ येते, चारेक दिवसांनी जिरते. भूक आहे, पण पूर्वी भाताची परात समोर आली की हात आपोआप जायचा, तो आता जरा थांबतो. हे औषधानं की माझ्या हट्टानं, डॉक्टर सांगत नाही.

चौथी ओळ. सेलामा ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दर मंगळवारी माझ्याकडे लेकोर वळायला येत होती, तेव्हा तिनं या सुईवाल्या बायकांना पाहिलं का, असं तू विचारतोस.

सेलामा लेकोर छान वळते. हात हलका आहे तिचा.

हजची आरोग्य तपासणी नऊ फेब्रुवारीला आहे. तिघांची एकाच दवाखान्यात. बाकावर माझ्या शेजारी बसलास तर चालेल, नाही बसलास तरी चालेल.

तुझी काक लोंग

११ फेब्रुवारी, बुधवार

सू,

सलाम. यावेळी मोठ्यानं उत्तर दे.

परवा दवाखान्यात तू बाकाच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला, मध्ये सेलामा आणि तिची पिशवी. नर्सनं विचारलं, "तुम्ही सगळे एकत्र का?" तू म्हणालास, "नाही." सेलामा म्हणाली, "हो." मी गप्प बसले, तुला माहीत आहे माझ्यासाठी ते किती अवघड असतं.

जिन्याची परीक्षा. तू चढलास, घामाघूम, पण चढलास. मी चढले. मध्ये कठडा धरला, ते दवाखान्यातल्या पोरानं लिहून घेतलं, घेऊ दे. मग आत डॉक्टरनं मला विचारलं, औषधं काय चालू आहेत. मी सगळं सांगितलं. सुई, फुगा, मेंढी. तो म्हणाला, "हे सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, माक चिक." म्हटलं, मग तुझ्या सहीला काय किंमत राहिली? त्यानं इझ्झातीला फोन केला, रक्ताचे कागद मागवले आणि शिक्का मारला. जाऊ शकते.

मग सेलामा. पहिल्या वळणावर थांबली. दुसऱ्या वळणावर बसलीच. तिच्या चपला सुटल्या, तू खाली वाकून उचलल्यास आणि हातात धरून उभा राहिलास. ते मी पाहिलं. इतकं भांडण असूनही सांगते, ते पाहून मला तुझा राग धरता येईना.

पण मग तू बोललास. डॉक्टरनं तिला विचारलं, काही इंजेक्शनं घेतलीत का, आणि ती म्हणाली, "एकच. ऑक्टोबरात. काक लोंगबरोबर." आणि तू सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं माझ्याकडे बोट करून म्हणालास, "माझ्या बायकोला खोटं बोलायला हिनं शिकवलं."

हो. शिकवलं. मागच्या पत्रात मी ती ओळ गिळून टाकली, आता गिळत नाही. सेलामा मंगळवारी लेकोर वळायला येत नव्हती. आम्ही दोघी आठच्या बसनं शहरात जात होतो. आधी रक्त, लघवी, वजन, प्रश्नांची पानंच्या पानं. मग पहिली सुई. तुझा फोन यायचा तेव्हा बसचा आवाज जाऊ नये म्हणून फोनवर हात धरून मी म्हणायचे, तिचे हात पिठात आहेत, नंतर बोलेल. ती घाबरायची, मी मजेत सांगायचे. तिनं तुला विचारायचं ठरवलं होतं. मीच म्हटलं, विचारलंस तर सू नाही म्हणेल आणि नाही म्हटल्यावर तू येणार नाहीस. बरोबर होतं की नाही माझं?

ती रात्री उशा रचून बसून झोपते हे तुला दिसत होतं. आडवं झालं की तिला दम लागतो. तू म्हणायचास, वय झालं. ती छप्पन्न वर्षांची आहे, सू. मी सहासष्टची. पिठाची पोती माझी मीच उचलते.

आणि त्या नऊ जणींत सगळ्यांत आधी उठली ती तुझी बायको. उठताना मला म्हणाली, "काक लोंग, तुम्हालाच भरवसा वाटत नाही, तर मी कुणाच्या जोरावर बसू?" चोवीस बायकांसमोर.

डॉक्टरनं तिचा अर्ज पुढच्या वर्षावर टाकला. तू म्हणालास, सुई सोडणारी नापास आणि टोचून घेणारी पास.

रमजान आठवड्यावर आला. खजूर पाठवते, ते सेलामाचे आहेत. साखर बघून दोनच खायला सांग.

काक लोंग

२ एप्रिल, गुरुवार

सू,

सलाम.

ईदला तू आला नाहीस. धाकट्यानं थोरलीच्या घरी येऊन हात हातात घ्यायचा, आई गेल्यापासून एकदाही चुकलं नव्हतं. मी दुपारपर्यंत दार उघडं ठेवलं. तांदळाचे केतुपात उकडून ठेवले होते, शेजाऱ्यांनी संपवले. माइल म्हणाला, सेलामा ईदचा नवा पोशाख घालून ओसरीवर बसली होती, तू आत होतास. माइल सगळं सांगतो, त्याला होडी कमी आणि तोंड जास्त चालवायला आवडतं.

बारा सुया संपल्या. शहाण्णव किलो. कुणाला काय मिळालं ते अजून फोडलेलं नाही, वर्षाअखेरीस सांगतील. खारं पाणी निघालं तर मी त्या पाण्याची जाहिरात करीन. एकोणतीस एप्रिलला विमान आहे. तू जाणार नाहीस, बायकोबरोबर पुढच्या वर्षी जाशील, असं कळवलंस म्हणे. हे मात्र चांगलं केलंस. त्यात मला बोलायला जागा नाही.

मी जाणार. तुम्ही दोघं थांबलात म्हणून थांबणार नाही. वर्षभरात गुडघे, साखर, काळीज, कोण कुणाची हमी देतो? गावात म्हणतात, भावजयीला मागे टाकून निघाली. म्हणू देत. पुढच्या शुक्रवारी माइकवरही म्हण.

आता जाण्याआधी सगळ्यांची माफी मागायची असते. मी यादी केली. बाजारात ज्यांच्याशी भांडले त्या सात जणी झाल्या. बर्फवाला झाला. माइलही झाला. तुझं नाव मी लिहिलं आणि खोडलं. सुईबद्दल तुझी माफी मागणार नाही. बसमधून फोनवर खोटं बोलले त्याचीही नाही. ते पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करीन. हज कबूल होईल की नाही ते अल्ला बघेल, तू बघू नकोस.

पण एक नाव आहे, आणि ते तुझं नाही. सेलामाचं. तिला वाचताना डोळ्यांवर ताण येतो, डोकं दुखतं, म्हणून हे तुलाच वाचावं लागेल. आत जा. तिच्यासमोर बस. यापुढचं मोठ्यानं वाच, एकही शब्द न गाळता. गाळलास तर मला कळेल, कारण मी तिला विचारणार आहे.

सेलामा,

इझ्झातीनं मला नऊ कागद दिले होते. मेंढीच्या लोकरीचे. मी तुझ्या नवऱ्याला लिहिलं की घरोघर पोचवले. आठ घरी पोचवले. नववा तुझा होता.

पहिल्या दिवशी होडी नव्हती. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी होडी होती आणि ऊनही होतं. मी कागद पिठाच्या डब्याच्या वर ठेवला आणि लेकोर वळत बसले.

का, ते सांगते. तू सगळ्यांसमोर म्हणालीस की माझ्या भरवशावर बसली होतीस, ते मला लागलं. भरवसा ठेवलास म्हणून राग आला, अशी मी बाई आहे. मग मनात आलं, बघू दे तिला, माझं कसं उतरतं ते. आधी मी हलकी होईन, मग तिला बोलावीन, मग ती म्हणेल, काक लोंग, तुमचंच खरं होतं. याचं मला सुख वाटत होतं, सेलामा. सुईच्या दर मंगळवारी काट्यावर उभी राहायचे तेव्हा आकडा बघायच्या आधी तुझा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. असा महिना गेला. इझ्झातीनं विचारलं, नववी? मी म्हटलं, ती नाही म्हणते. त्याच दिवशी तुझी जागा बंद झाली.

दवाखान्यात तू जिन्यावर बसलीस तेव्हा मी वर उभी होते. खाली उतरले नाही. तुझ्या नवऱ्यानं मला नको ते सुनावलं, आणि मला बरं वाटलं, कारण तो चुकीच्या गोष्टीवर ओरडत होता.

सुया मिळाल्या असत्या तर तू पास झाली असतीस का, मला माहीत नाही. कदाचित तुला खारं पाणीच मिळालं असतं. इझ्झातीला विचारलं, ती म्हणाली, "कुणीच सांगू शकत नाही, माक चिक." मी तिलाही खरं सांगितलं, की मी खोटं बोलले. मग ती म्हणाली, जूनमध्ये नवीन तुकडी घेणार आहेत, आणि बायकांबरोबर पुरुषही. मी तुझं नाव दिलेलं नाही. यावेळी कुणी तुझं नाव देणार नाही, घेणार नाही आणि लपवणारही नाही. हवं असेल तर तू स्वतः फोन कर, नंबर कागदाच्या मागे आहे. नवऱ्याला शेजारी बसवून कर. तो माझ्याहून जास्त प्रश्न विचारेल, विचारू दे, त्या पोरीला आता उत्तरं पाठ आहेत.

कागद सोबत आहे. पाच महिने उशिरा. कोपऱ्याला पीठ लागलंय, झटकून घे.

माफी मागते. तू नाही म्हणालीस तर ते घेऊनच विमानात बसेन, पण बसेन. हो म्हणायची घाई करू नकोस, आणि थोरली आहे म्हणून तर मुळीच म्हणू नकोस. मंगळवारी सकाळच्या होडीनं येते. दार उघडलंस तर बोलू. नाही उघडलंस तर तुझ्या ओसरीच्या पायरीवर बसून राहीन, संध्याकाळच्या होडीपर्यंत. आता मला खाली बसून आपलं आपण उठता येतं.

एसाह